तयारीचा शुक्रवार

समेट हा शब्द ऐकला की मला साय धरलेला गार चहा आठवतो. जवळजवळ पंधरा वर्षं मी तो चहा प्यायले. कोल्हापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं वाजलं, की दोन्ही घरी जायचं, दोन्हीकडे चहा घ्यायचा, दोन्हीकडची गाऱ्हाणी मान हलवत ऐकायची आणि शेवटी दोघांना समोरासमोर उभं करून हातात हात द्यायला लावायचा, हे माझं काम. मला कुणी नेमलं नव्हतं. मी शाळेत शिकवत होते, सगळे मला बाई म्हणत आणि माझी जीभ गोड आहे असा बोभाटा होता. तेवढ्यावर भागलं.

मी पर्स उचलून निघाले की आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "निघाला बंब." मला त्याचा राग यायचा, कारण मनातून मला त्या बंबाचा अभिमान होता. आज ते सांगताना लाज वाटते, पण होता.

आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला, ताटांत मांडून पंच लोक, म्हणजे मंडळीचे कारभारी, बाकाबाकांवरून फिरवत. मनात कुणाविषयी अढी ठेवून ते घ्यायचं नाही, असा नियम. म्हणून आदल्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची उपासना. ज्यांचं भांडण असेल त्यांनी त्या दिवशी पुढे यायचं, हातात हात द्यायचा, पाळकसाहेब त्या दोन हातांवर आपला हात ठेवून प्रार्थना करायचे आणि विषय संपला. संपला म्हणजे कायमचा. पुन्हा कुणी तो काढला तर काढणारा दोषी. आणि जो हात देणार नाही, त्याच्या पुढ्यातून रविवारी ताट तसंच पुढे जायचं. कुणाच्या पुढ्यातून गेलं हे अख्खं देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, मान वाकडी करून बघायचं.

ऐकायला किती सुंदर. मीही संडे स्कूलच्या पोरांना हे डोळ्यांत पाणी आणून सांगायची. त्यातली मेख मला फार उशिरा दिसली. ज्यानं चूक केलेली असते तो हात द्यायला एका पायावर तयार असतो. अडून बसतो तो, ज्याचं नुकसान झालेलं असतं. मग सगळी मंडळी त्याच्याच मागे लागते: अहो, क्षमा करा की, मन मोठं करा की. आणि मंडळीच्या वतीनं त्याच्या दारात जाऊन उभी राहणारी मी.

आमची भांडणं तरी कसली होती! कापणीच्या सणाला कुणाचा भोपळा वेदीपुढे मांडला आणि कुणाचा खांबाआड ठेवला. नाताळच्या गाण्याच्या फेरीनं एका घरी दोन गाणी म्हटली आणि शेजारच्या घरी एकच. पुढच्या बाकावर कुणी कुणाच्या जागी पर्स ठेवली. एका बाईंनी त्या पर्सवरून सहा महिने दुसरीला सलाम केला नव्हता. मी दोघींना एकत्र आणलं, दोघी रडल्या आणि घरी जाताना दोघींनीही मला स्वतंत्रपणे सांगितलं, की ती नाटकी आहे.

माझी एक पद्धत होती. एका घरचा निरोप दुसऱ्या घरी नेताना मी तो वाटेत मऊ करायची. "तिला म्हणावं, तुझं थोबाड बघायची इच्छा न्हाय," असं कुणी म्हटलं, की मी पलीकडे जाऊन सांगायची, "त्यांना थोडा वेळ हवाय." दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही बाजूंना वाटायचं, की समोरचा नरमलाय. कुणीच नरमलेलं नसायचं. आमचे हे एकदा म्हणाले होते, "तू निरोप पोचवत नाहीस, शिजवून नेतेस." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नव्हते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्स झाली होती. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागे दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहत. आई नव्हती. मुलगी कामाला चोख, गळा बरा, उगाच बोलणार नाही. तिचं लग्न नेसरीकडच्या एका ख्रिस्ती घरात ठरलं. मुलगा मास्तर होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आणि वडील तर इतके खूश होते, की मला रस्त्यात थांबवून मुलाचा फोटो दाखवला होता.

लग्न ठरलं की आमच्यात तीन रविवार ते उपासनेत वाचून दाखवतात. कुणाची हरकत असेल तर आताच सांगावी, असं शेवटी म्हणतात. मी जन्मापासून ते ऐकत आले होते आणि त्या वाक्यानंतर कुणी खोकलेलंसुद्धा आठवत नव्हतं. तिसऱ्या रविवारी आमचे थोरले पंच उभे राहिले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "माझी हरकत हाय. या मुलीचं आधी एका ठिकाणी ठरल्यालं हाय. त्याचा निकाल लागल्याशिवाय हे लगीन लावता येणार न्हाय." आणि बसले.

खोटं होतं. ठरलं बिरलं काही नव्हतं. थोरल्या पंचांनी आपल्या पुतण्यासाठी तिला मागणी घातली होती, तिच्या वडिलांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं, एवढंच. हे निम्म्या मंडळीला माहीत होतं आणि ती निम्मी मंडळी गाण्याचं पुस्तक चाळत बसून राहिली. पाळकसाहेब म्हणाले, "हा विषय पंचकमिटीत घेऊ," आणि पुढचं गीत सांगितलं. ती मुलगी गाण्यासाठी सगळ्यांबरोबर उठून उभी राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, ते मला मागच्या बाकावरून दिसत होते.

बातमी नेसरीला पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. मुलाचे वडील सरळ माणूस असावेत. त्यांचा निरोप आला: आमचा मुलीवर विश्वास आहे, पण हरकत देवळात घेतली गेलीय, ती देवळातच मागे घेतली जावी. ज्यांनी घेतली त्यांनीच, सगळ्यांसमोर. येत्या रविवारी मुलाचा मामा येऊन बसेल. तो ऐकून आला, की आम्ही लग्नाच्या तयारीला लागतो. नाहीतर आमचा रामराम.

एक वाक्य हवं होतं. मी चुकीचं बोललो, माझी हरकत नाही. एवढ्यावर त्या मुलीचं लग्न अडलं होतं.

येणारा रविवार नेमका प्रभुभोजनाचा होता. पाळकसाहेब बुधवारी माझ्याकडे आले. "बाई, शुक्रवारच्या आत मिटवा. थोरले पंचच हात न देता राहिले तर ताट कोण फिरवणार?" त्यांना काळजी ताटाची होती. मला तेव्हा ते वावगं वाटलं नाही. मी पर्स उचलली.

थोरले पंच आरामखुर्चीत बसले होते. त्यांच्या बायकोनं चहा आणि भडंग आणून ठेवलं. मी सरळ विषयाला हात घातला. ते हसले. ते हसू आता लिहितानाही दिसतं. म्हणाले, "रागात बोललो की वो, बाई. पुतण्या माझा काय वाईट हाय?" मी म्हटलं, "मग रविवारी उठून तेवढं सांगून टाका." ते भडंग चघळत म्हणाले, "बघू. आधी पोरीला शुक्रवारी हात तर देऊ दे." मी म्हटलं, "रविवारी मात्र नक्की." ते पुन्हा म्हणाले, "बघू."

तिथून मी शिवाजी पेठेत गेले. तालमीच्या पोरांचा फुटबॉलवरून दंगा चालला होता, म्हणून तिनं खिडकी लावून घेतली. वडील भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "हात कशापायी द्यायचा? आमी कुठं भांडलोय? त्यांनी आधी बोलू दे." अगदी बरोबर बोलले ते. मी त्यांना क्षमेविषयी अर्धा तास ऐकवलं. मग ती मुलगी म्हणाली, "बाई, मी शुक्रवारी हात दिला, तर ते रविवारी बोलतील न्हवं?"

मी म्हटलं, "बोलतील. तसं कबूल केलंय त्यांनी."

मी चाचरलेदेखील नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते वाक्य तोंडातून आपसूक आलं. "बघू" घेऊन निघाले होते, पोचेपर्यंत त्याचं "हो" झालं होतं. मला वाटलं होतं, एकदा हात दिल्यावर माणसाला लाज वाटेल, तो बोलेल. कुणाला लाज वाटेल असं वाटलं होतं मला? त्या माणसाला?

शुक्रवारी वीसेक माणसं होती. ती पुढे आली, थोरले पंच पुढे आले. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन "लेकीसारखी हाय मला," असं मोठ्यानं म्हटलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला.

रविवारी दुसऱ्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. मुलाचा मामा. पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. महिला मंडळाची सभा गुरुवारी. गायनाचा सराव शनिवारी. पुढच्या महिन्यात कबरस्तानाची साफसफाई. मी थोरल्या पंचांकडे बघत होते. ते समोर बघत होते. सूचना संपल्या. गीत झालं. मग ते उठले, हातात ताट घेतलं आणि बाकाबाकांवरून फिरू लागले. तिच्यापाशी आले. तिनं वर बघितलं, पेला उचलला आणि प्याली. तिला अजून वाटत होतं, की शेवटी बोलतील. मी शब्द दिला होता ना.

शेवटी आशीर्वाद झाला आणि लोक उठले.

मी उठून बोलू शकत होते. मला सगळं माहीत होतं, रागात बोललो हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. पण भर प्रभुभोजनात गोंधळ नको, असा विचार करून मी गप्प बसले. पंधरा वर्षं जिभेवर जगलेली बाई नेमकी त्या दिवशी मुकी झाली. याची मला जेवढी किळस येते तेवढी थोरल्या पंचांचीही येत नाही.

बाहेर आवारात मी पाळकसाहेबांना गाठलं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हातात हात पडलाय. आता उकरायचं नाही. तुम्हीच शिकवता ना पोरांना?" थोरल्या पंचांना विचारलं, तर म्हणाले, "मी बघू म्हणलं हुतं. बघितलं. न्हाय जमलं." आणि तिथूनच त्या मामांना हाक मारली, "पावणं, जेवून जावा की!" मामा म्हणाले, "न्हाय, गाडी हाय." पिशवी काखेत मारून ते स्टँडकडे चालू लागले. ती मुलगी फाटकापाशी उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघून हात जोडले.

आठवड्याभरात तिचा फोटो पाकिटातून परत आला.

त्याच वर्षी मला पंचकमिटीवर घेतलं. आमच्या मंडळीतली पहिली स्त्री पंच. नाव सुचवलं थोरल्या पंचांनी. आणि मी ते स्वीकारलं, पेढे वाटले. हे लिहायचं नाही असं दोनदा ठरवलं होतं, पण मग हे सगळं लिहिण्यात काय अर्थ?

तिचे वडील त्या रविवारनंतर देवळात आले नाहीत. काही वर्षांनी आले ते पेटीतून. पेटीला पुढून खांदा थोरल्या पंचांनी दिला आणि कबरीवर मूठभर माती टाकून रुमालानं बोटं पुसली. लोक म्हणाले, बघा, मनात काही ठेवत नाही हा माणूस. खरं होतं. त्यांच्या मनात काहीच नव्हतं.

ती मात्र येत राहिली. पेठ वडगावच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती, रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. रविवारी शेवटच्या बाकावर बसायची. ताट आलं की दोन्ही हातांनी धरून शेजारणीकडे द्यायची. घ्यायची नाही. दर तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षं. लग्न झालं नाही. एक-दोन स्थळं आली, पण "तिच्या लग्नात कायतरी भानगड झालती न्हवं का?" हे कुणीतरी पोचवायचंच. मंडळी म्हणायची, कडू आहे, हट्टी आहे, एवढं काय धरून बसायचं. मंडळीच्या शताब्दीचा सण जवळ आला, तेव्हा कमिटीत ठरलं, की त्या रविवारी सगळ्यांनी प्रभुभोजन घेतलं पाहिजे, एकही माणूस बाहेर दिसता कामा नये. तिला समजवायला कुणाला पाठवायचं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी गेले. तोपर्यंत नऊ वर्षं झाली होती. तिनं चहा केला, गरम. मी गोड बोलायला सुरुवात केली आणि तिनं मध्येच विचारलं, "बाई, त्या बुधवारी थोरले पंच तुमास्नी नेमकं काय म्हणालते?"

मी कप खाली ठेवला. मग सांगितलं. "बघू म्हणाले होते."

"कबूल केलं नव्हतं?"

"नाही. ते मी म्हटलं."

तिनं माझा कप उचलून आपल्या कपाशेजारी ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, ते शब्द देऊन फिरले. इतकी वर्षं मी त्यांचाच राग केला." दोन्ही कप आत नेता नेता म्हणाली, "हे तिथं सांगा. देवळात. मला सांगून काय उपेग?"

शताब्दीच्या सणाला माझा सत्कार होता, हे मला आदल्या रविवारी कळलं. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रात मला शांतिदूत म्हटलं होतं. शाल थोरल्या पंचांनी पांघरली. आता ते काठी टेकत चालायचे, पण खिशाला पेनं दोनच. दोन शब्द बोला, म्हणून माईक माझ्या हातात दिला.

मी दोनपेक्षा जास्त बोलले. हरकत खोटी होती हे सांगितलं. त्यांनी ते माझ्यासमोर कबूल केलं होतं, हे सांगितलं. त्यांनी "बघू" म्हटलं आणि मी त्याचं "हो" करून त्या पोरीला हात द्यायला लावला, हेही सांगितलं. शब्द मऊ केला नाही एकही. मला वाटत होतं, कुणीतरी उठेल, काहीतरी म्हणेल.

पाळक आता नवे होते, तरुण. ते झटकन पुढे आले आणि म्हणाले, "आपण डोळे मिटून प्रार्थना करूया."

अख्ख्या देवळानं डोळे मिटले. पटापट मिटले, दारं लावून घ्यावीत तसे. मी तशीच शाल पांघरून उभी होते. शेवटच्या बाकावर तीही डोळे उघडे ठेवून बसली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि प्रार्थना लांबत गेली.

बाहेर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता हात धरेल. ती म्हणाली, "लई उशीर झाला, बाई." आणि मग, "रिक्षा बघू का तुमच्यासाठी?"

पुढच्या बुधवारी दारात एक मुलगी उभी. आमच्या तरुण संघाची, नुकतीच शिक्षिका झालेली, गोड आवाजाची. हातात पर्स. "सलाम, बाई." आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं, तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि उठून आत गेले. मी चहा टाकला. ती म्हणाली, झालं ते झालं, थोरल्या पंचांना फार वाईट वाटलंय, त्यांच्या मनात तुमच्याविषयी खूप आदर आहे, येत्या शुक्रवारी खास उपासना ठेवलीय, तिथं तुम्ही दोघांनी हातात हात द्यावा अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. मंडळीचीही आहे.

मी तिला खारी पुढे केली आणि विचारलं, "नेमकं काय म्हणाले ते? त्यांचे शब्द सांग."

"तेच की, बाई. आदर..."

"शब्द सांग."

ती लाल झाली. खारीचा चुरा बोटानं गोळा करत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "म्हणाले, म्हातारी हाय. चार दिवस रुसंल, मग दील हात."

मी तिच्या त्या कोवळ्या, चांगल्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं मीच बसले होते, पंचवीस वर्षांपूर्वीची.

"जा," मी म्हटलं, "आणि सांग, न्हाय म्हणाली. तेवढंच सांग. वाटेत त्याचं दुसरं काही करू नकोस."